पुढच्या दारातली बाई

(अलिबाग, १९३४चा माघ महिना. अनंतराव टिपणीस यांच्या फोटो स्टुडिओची मागची खोली. अनंतरावांची दृष्टी गेली आहे. त्यांची मुलगी कुमुद एकेक फोटो पाहून सांगते आहे आणि ते सांगतील ते खाली लिहिते आहे.)

कुमुद : ...आणि कठड्यावर तीन कुंड्या. डावीकडची फुटकी आहे, दादा.

अनंतराव : फुटकी? मग तो फोटो पावसाळ्यानंतरचा. माकडाने पाडली होती ती. पार्किन साहेब बंदूक घेऊन त्याच्या मागे धावला आणि स्वतःच पायरीवरून घसरला. लिही, 'पश्चिमेचा व्हरांडा, समुद्राच्या बाजूने.' माकडाचं लिहू नकोस.

कुमुद : लिहायला हवं खरं म्हणजे. एडिथबाईंना आवडेल. त्यांच्या वडिलांचीच गोष्ट.

अनंतराव : वडील गेलेत तिचे. पडलेले कशाला दाखवायचे? अजून पुष्कळ राहिलेत का?

कुमुद : आपल्याकडचे फोटो झाले. आता एडिथबाईंनी विलायतेहून पाठवलेली पोस्टकार्डं तेवढी. ही पण तुम्हीच काढलेली ना?

अनंतराव : काचेवर फोटो उतरवला मी, छपाई त्यांची. नाताळ आला की साहेब बंगल्याची कार्डं छापून तिकडे सगळ्या नातेवाइकांना धाडायचा. मी त्यातलं एकही पाहिलेलं नाही. काचा घेऊन गेला तो गेलाच. काय म्हणते बाई? पुन्हा वाच.

कुमुद : म्हणतात, माझ्यासाठी बंगल्याच्या फोटोंची जी वही करताय तीतच ही कार्डंही लावा, आणि बंगला पाडायच्या आधी जे राहून गेलं असेल त्याचे नवे फोटो काढा. 'मी त्या घरात जन्मले. ते घर मला पुरतं हवं आहे.'

अनंतराव : पुरतं! लिलाव झाला, कौलं उतरायला लागली, आता पुरतं कुठून आणायचं? आणि काढायचे कुणी? आंधळ्याने?

कुमुद : भिंगातून मी बघेन. बाकीचं तुमच्या हातांना येतंच की. बरं, ऐका. हे पहिलं कार्ड मिठागरांकडून काढलेलं. पुढे मिठाच्या राशी, मागे टेकाडावर बंगला.

अनंतराव : 'मीठ खात्याच्या अधिकाऱ्याचा बंगला, रेवसच्या वाटेवरून.' पुढे.

कुमुद : हे पुढच्या दाराचं.

अनंतराव : पुढच्या? रस्त्याकडच्या?

कुमुद : हो. पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना खांब, दार सताड उघडं. दारात एक बाई पाठमोरी उभी आहे. हातात मिटलेली छत्री. खाली छापलंय, 'फ्रंट डोअर, विथ अ सर्व्हंट.' पुढचं दार आणि एक नोकराणी. साहेबाकडे कामाला कोण बाई होती, दादा? नाव आठवतंय? ...दादा?

अनंतराव : लुगडं कसलं आहे?

कुमुद : रंग कसा कळणार? काठ रुंद आहेत. अंबाड्यात फूल माळलंय, मोठं आहे.

अनंतराव : सोनचाफा.

कुमुद : मला नाही ओळखू येत कसलं आहे ते.

अनंतराव : सोनचाफाच. साहेबाच्या बागेतला. मीच तोडून दिला होता. कुमुद, ती नोकराणी नाही. तुझी आई आहे ती.

कुमुद : आई?

अनंतराव : हळू धर. कार्ड मुडपेल.

कुमुद : तुम्ही तर म्हणाला होतात, आईचा एकही फोटो नाही.

अनंतराव : नाहीच. हा दाराचा फोटो. दार किती उंच आहे ते कळावं म्हणून साहेबाला दारात माणूस उभं करायचं होतं. पट्टेवाला तापाने पडलेला. बंगला बघायचा म्हणून ती तुला घेऊन माझ्याबरोबर आली होती, तेव्हा साहेबच म्हणाला, या बाईंना उभं करा. ती आधी लाजली. मग राहिली उभी.

कुमुद : मग पाठमोरी का? लोकांच्या हातात चेहरा पडायला नको म्हणून?

अनंतराव : छे गं. मी म्हटलं होतं, माझ्याकडे बघ आणि हसू नकोस, ओठ हलतात. तेवढं तिला जमणं कठीण होतं. मी भिंगाच्या झाकणाला हात घालतो न घालतो तोच आत सतरंजीवर निजवलेली तू रडलीस. ती गर्रकन वळली. वळल्यावर तिच्या ध्यानात आलं की हलायचं नाही, तशी जागच्या जागी थिजली. मला हसू आवरेना. तशातच झाकण काढलं. म्हटलं, ही गंमत म्हणून असू दे, दुसरी काच लावून नीट काढू. तर साहेब म्हणतो, राहू दे, हीच छान आहे. चेहरा नसला की लक्ष दाराकडे जातं.

कुमुद : आणि पुढे? घरी कधी काढला नाहीत?

अनंतराव : काढायचा होता. दिवाळीत काढू, तुझ्या वाढदिवसाला काढू. माणूस घरातच आहे म्हटल्यावर घाई कसली? मग मानमोडीच्या तापाची साथ आली. गावात एक घर सुटलं नाही. लोक मला बोलवायला यायचे. गेलेल्या माणसाचा निदान एक तरी फोटो असू दे म्हणायचे. भिंतीला टेकवून बसवायचे, मी काढायचो. लहान पोरांचेसुद्धा काढले. मग आपल्याच घरात ते झालं. आत्या म्हणाली, अनंता, आता तरी काढ. नाही काढला. तसा नको होता मला.

कुमुद : कशी दिसायची आई? तुम्ही कधी धड सांगितलंच नाहीत.

अनंतराव : डोळे होते तेव्हा विचारायचंस. तेव्हा मिटले की लख्ख दिसायची. वाटलं होतं, नजर जाईल, पण हे काही जायचं नाही. तेही विरत चाललंय. कधी तिला आत्याचं नाक लागतं, कधी दुकानात फोटोला आलेल्या भलत्याच बाईची हनुवटी. मी पुसतो आणि पुन्हा मांडतो. परवा तर सबंध संध्याकाळ बसलो होतो. नाही जमलं.

कुमुद : पाणी देऊ?

अनंतराव : नको. लिही तिथे. 'पुढचं दार. दारात प्रमोदिनी अनंत टिपणीस.'

कुमुद : तुमच्या तोंडून आईचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

अनंतराव : नाव घ्यायची पद्धत नव्हती. ते छापलेलं आहे त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटव आणि लाव वहीत.

कुमुद : नाही लावणार.

अनंतराव : म्हणजे?

कुमुद : हे मी परत पाठवणार नाही.

अनंतराव : बाळ, कार्ड तिचं आहे. विश्वासाने पाठवलंय. आपण त्याची नक्कल काढून ठेवू.

कुमुद : नक्कल त्यांच्याकडे जाऊ दे म्हटलं तरी नको वाटतं. नोकराणी म्हणून इतकी वर्षं कुणाकुणाच्या कपाटात पडली असेल! त्यांना दार हवंय ना? मग दार अजून उभं आहे. उद्या जाऊन नवा फोटो काढू. उंची कळायला माणूस लागतो, तर मी उभी राहते.

अनंतराव : आणि हे? चोरायचं?

कुमुद : मागून घ्यायचं. मी लिहीन त्यांना. ही माझी आई आहे आणि आमच्याजवळ तिचं दुसरं काही नाही, असं लिहीन.

अनंतराव : नाही म्हणाली तर?

कुमुद : तर धाडीन परत. पण विचारल्याशिवाय नाही.

अनंतराव : ...दमणीवाल्याला बैल जुंपून ठेवायला सांग. सकाळी लवकर निघू. तिकडचं दार पूर्वेला आहे, ऊन वर चढलं की खांबांच्या सावल्या आखडतात.

* * *

काळूराम : अवो, थांबा! रावसाहेब, थांबा! फुडं पाय टाकू नका, फरशी उखडलीय हितली!

कुमुद : दादा, माझा हात धरा. मी म्हटलं होतं ना, एकटे चालू नका.

अनंतराव : पायरीपासून कठडा बारा पावलांवर होता. मला वाटलं, अजून...

काळूराम : कठडा गेला कालच. म्हसळ्याच्या शेटचा माणूस घेऊन गेला. तुमी कोन म्हनायचे?

कुमुद : आम्ही अलिबागचे फोटोवाले. तुम्ही इथले मुकादम ना? साहेबांच्या मुलीला या दाराचा फोटो पाठवायचाय.

काळूराम : मी काळूराम. दाराचा फोटू? बाय, जरा येल केलात तुमी. आता ह्या दारालाच हात घालायचा हाय. मानसं पहार घेऊन हुबी हायत.

अनंतराव : काळूरामबुवा, थोडा वेळ द्या. दार कुठे पळून जात नाही.

काळूराम : दार न्हाय पळत, पन गाड्या हायत ना. भरतीच्या आत माल धक्क्याला न्यायचा. बंदर चुकलं तर शेट माजी चामडी काढील. ...बरं, तुमच्या त्या तीन पायांच्या तिकाटन्याला येल किती लागल?

कुमुद : लावलंच समजा. काळूरामदादा, तुम्ही जरा दारात उभे राहता? मला काचेत बघून घ्यायचंय.

काळूराम : मी? माजा फोटू निगनार?

कुमुद : फोटोला मी उभी राहणार आहे. तुम्ही फक्त जागा धरायची.

काळूराम : न्हाय, मंग मी जरा मुंडासं तरी नीट करतो. जागा झाली म्हनून काय झालं?

अनंतराव : कुमुद, काचेत काय दिसतंय?

कुमुद : सगळं उलटं. काळूरामदादा डोक्यावर उभे आहेत.

काळूराम : आई शप्पत?

अनंतराव : खांबाच्या कडा बघ. दोन्ही सरळ? वरची चौकट आली पुरती?

कुमुद : आली. पण वर छप्पर नाही, दादा. दाराच्या वरनं आभाळ दिसतंय.

अनंतराव : छप्पर नाही... असू दे. जसं आहे तसं काढायचं. आता भाता घट्ट कर आणि काच घाल. ऊन कुठे आहे?

कुमुद : पायऱ्या उतरून खाली आलंय. उंबऱ्यावरही आहे.

अनंतराव : तू उभी राहिलीस की कुठल्या गालावर येतंय ते सांग.

कुमुद : थांबा, जाते. काळूरामदादा, या तुम्ही बाजूला. ...उजव्या, दादा.

अनंतराव : मग किंचित डावीकडे वळ. नाकाची सावली ओठावर पडता कामा नये. छत्री आणलीस?

कुमुद : नाही. छत्री नको. हात नुसतेच राहू देत.

काळूराम : रावसाहेब, एक इचारू? तुमाला दिसत न्हाय, मंग फोटू कसा निगल?

अनंतराव : दिसत होतं तेव्हाही काळ्या कपड्याखालीच असायचो, काळूराम. झाकण काढायचं, मनात मोजायचं, झाकण लावायचं. एवढ्याला डोळे लागत नाहीत. कुमुद!

कुमुद : आहे.

अनंतराव : कुठे बघतेयस?

कुमुद : तुमच्याकडे.

अनंतराव : माझ्याकडे नको. भिंगाकडे बघ. आता हलू नकोस... झालं.

काळूराम : झालं? बस, येवडंच? ...बाय, डोळं का पुसताय? कचरा गेला काय? हितं चुना लई उडतो.

कुमुद : हो. चुनाच गेला.

अनंतराव : काळूराम, आता घाला पहार. आम्ही बाजूला होतो.

काळूराम : न्हाय, रावसाहेब. तुमी आदी दमनीत बसा. वळनापल्याड गेलात का मंग घालतो.

* * *

कुमुद : फार अंधार आहे. तुम्हाला कसं सापडतं सगळं?

अनंतराव : या खोलीत मी पहिल्यापासून असाच वावरलोय. लाल दिवा लावलास?

कुमुद : लावला. काच औषधात घातली.

अनंतराव : ताटली हलवत राहा. सावकाश. बाळाला पाळण्यात निजवतात तशी.

कुमुद : एडिथबाईंना पत्र लिहून ठेवलंय. वहीबरोबर उद्याच्या आगबोटीने मुंबईला जाईल, तिथून पुढे. त्यांचं उत्तर येईपर्यंत आईचं कार्ड कुठे ठेवू?

अनंतराव : माझ्या उशाशी ठेव.

कुमुद : ते परत जायचं झालं तर?

अनंतराव : जाईल तेव्हा जाईल. तेवढ्या रात्री तर मिळतील. काही आलं का काचेवर?

कुमुद : आभाळ आलं. काळंभोर.

अनंतराव : उलटंच येणार. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. पुढे?

कुमुद : पायऱ्या येतायत. खांब आले. दोन्ही सरळ आहेत, दादा, तुम्ही सांगितले तसे. दाराच्या आत सगळं पांढरं आहे. आता मी येतेय... चेहरा काळा पडलाय. ओळखू येत नाही. मी अशी दिसते?

अनंतराव : कागदावर उतरली की गोरी होशील. हललीस तर नाहीस ना?

कुमुद : नाही. कडा स्वच्छ आहेत. अगंबाई...

अनंतराव : काय झालं? डाग पडला?

कुमुद : नाही, केस! केस पांढरे झालेत माझे. म्हातारी उभी आहे दारात.

अनंतराव : ताटली थांबवू नकोस.

कुमुद : हलवतेय.

अनंतराव : सव्विसाव्या वर्षी गेली गं ती. तिचे पिकलेले केस बघायचे राहून गेले माझे.

कुमुद : दादा...

अनंतराव : सांग ना. किती पिकलेत?

कुमुद : सगळे, दादा. एकूण एक.