फाटकापर्यंतची एकोणीस पावलं

धाकटा: ताई, तू परत पोतं उचललंस ना?

ताई: कोपराच फक्त.

धाकटा: सकाळपासूनचा चौथा कोपरा. अगं, खाली गवताचं बी पेरलंय, पोळी नाही, सारखं उलटून बघायला. काका, सांगा हिला.

माळी: आता राहू द्या. सगळीच उचला, बघू.

ताई: मालकीणबाई अकराला येतायत, माळीकाका. घर भाड्याने दिलं तेव्हा लॉन होतं तसं दिसलं नाही तर घर सोडा म्हणाल्यात. दिसत नसताना हे घर पाठ करायला बाबांना वर्ष लागलं. पुन्हा नवीन घर, नवीन भिंती...

माळी: कडेला बघा, कोंब झकास आलेत. एवढ्या कोरड्या हवेत येणं सोपं नाही. मधला पट्टा मात्र टकलाच.

धाकटा: मी तर तिथेच जास्त पाणी घातलं. शप्पथ.

माळी: पाण्याचं नाही हो. खाली माती दगड झालीय. रोज कुणीतरी तुडवतंय.

धाकटा: कुत्रं असेल.

माळी: कुत्रं एवढं नाकासमोर चालत नाही. आणि हे बघा, पोत्यावर पायाचा अंगठा उमटलाय, चिखलाचा.

ताई: पायरीपासून?

माळी: थेट फाटकापर्यंत.

धाकटा: एकोणीस पावलं.

ताई: काय?

धाकटा: बाबा मोजतात. पहाटे, अनवाणी. पायाला माती लागली की बरोबर, गवत लागलं की वाट चुकली. मला वाटलं तुला माहितीये. परवा विचारत होते, अंगणात काय अंथरलंय रे, पाय ओले होतात. मी म्हटलं, काही नाही. तूच म्हणालीस ना, बाबांना कळू द्यायचं नाही, काळजी करत बसतील.

ताई: हो. मीच म्हणाले.

माळी: बाईंकडून दहा दिवस मागून घ्या, तोवर बाबांना मागच्या दाराने न्या. दाट उगवेल, माझी हमी.

ताई: दाट उगवलं तर ते फाटकापर्यंत जाणार कसे?

(फाटकाची कडी वाजते.)

धाकटा: आल्या. ताई, पोतं धर, निदान झाकू तरी.

ताई: नको. गुंडाळ सगळी.

धाकटा: अगं, आत्ता?

ताई: त्यांच्याशी मी बोलते. तू बाबांना बोलाव. म्हणावं, पोती काढलीत, या.