डोळे मिटून मारलेला टोमणा

प्रार्थनेत माणूस देवाशी बोलते म्हणता? मंग आमच्या पुसदच्या चर्चात येऊन पाहा! तिथले वडीलजन सॅम्युएल काका देवाशी कमी अन् शेजारणीशी जास्त बोलतात, फक्त डोळे मिटून.

बाळ येशूले पाहाले पूर्वेचे ज्ञानी लोक आलते ना, त्या सणाले यंदा साखळी प्रार्थना होती. एकाची संपली की बाजूच्यानं सुरू कराची. मी पोचली तवा अर्धी उपासना झालती. उपासनेनंतर साऱ्या मंडळीचं प्रीतिभोजन, त्याच्या पुऱ्या कोणाच्या गॅसवर होत्या? माह्याच! घामाघूम होऊन काकांच्या बाजूले टेकली, तर यांचं सुरू.

"हे प्रभू, ज्ञानी लोक ताऱ्यामागं किती दुरून आले! अन् इथं चर्चच्या मागच्या गल्लीतल्या भगिनीले वेळेवर येता येत नाही. तिले सुबुद्धी दे."

त्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. सारी मंडळी म्हणाली, "आमेन!"

आता पाळी माही. मी बी डोळे मिटले.

"हे प्रभू, ज्ञानी लोक उशिरा पोचले, पण सोनं-ऊद घेऊन आले. इथं एक भाऊ वेळेवर येतात, रिकामा डबा घेऊन येतात अन् दरसाल माह्याच पुऱ्या भरून नेतात. त्यायले बी सुबुद्धी दे."

चर्चात चिडीचूप! पाळकसाहेबाले एकदम खोकला आला.

अन् त्या शांततेत काका खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन!"

दुसऱ्याची प्रार्थना ऐकाची त्यायले सवय कुठं?