सोमवारचा महादेव

धोंडीबाई : परत विचारा त्याला. नीट विचारा, वसकन बोलू नका.

कमळू : किती येळा विचारू गो? अरे दादा, घारापुरीची बोट म्हनतोय मी. महादेवाची लेणी. दोन तिकिटं दे.

तिकीटवाला : काका, तिसऱ्यांदा सांगतोय. घारापुरी आज बंद. दर सोमवारी बंद असते. उद्या सकाळी या.

कमळू : उद्या या? अरे, आमी वैशाखऱ्यावरनं आलोय. मुरबाडच्या पुढं, पार माळशेजच्या पायथ्याला. पहाटे तीनला उठलोय.

तिकीटवाला : सगळे लांबूनच येतात, काका. मागच्या सोमवारी नागपूरचे पंचवीस जण उभे होते इथंच.

कमळू : पन महादेवाचा वार सोमवार ना? सोमवारीच महादेव बंद ठेवायचा, ही कुठली रीत?

तिकीटवाला : तिथं पूजाअर्चा नसते हो. लेणी आहेत. बघायची, फोटो काढायचे, परत यायचं. बंदराची चक्कर मारायची असेल तर सांगा. अर्ध्या तासात फिरवून इथंच आणून सोडतात.

धोंडीबाई : इथंच?

तिकीटवाला : हो मावशी, याच पायऱ्यांवर.

धोंडीबाई : नको.

कमळू : नको कशाला? बोट ती बोटच.

धोंडीबाई : नको बोलले ना! चला तिकडं कठड्यापाशी. मागं माणसं खोळंबलीत, तमाशा नको.

कमळू : माझा कसला तमाशा? त्यांनी बोर्ड मोठा लावायला पायजे.

धोंडीबाई : बोर्ड राहू द्या. मला एक सांगा. स्वरूपला फोन करून विचारा, असं मी चार दिवस सांगत होते. पोरगा पुण्याला कंपनीत हाय, त्याला मोबाइलवर सगळं दिसतं. विचारलंत का त्याला?

कमळू : विचारलं.

धोंडीबाई : मग काय बोलला?

कमळू : काय बोलनार... नीट जा बोलला. पानी बरोबर घ्या बोलला.

धोंडीबाई : आणखी?

कमळू : सोमवारी जाऊ नका बोलला. बंद असतं बोलला.

धोंडीबाई : तुमाला म्हाईत होतं?

कमळू : म्हाईत कुठं? त्यानं सांगितलेलं फक्त. आता तूच बोल, सोमवारी आपल्या देवळात पाय ठेवायला जागा नसते, नि हे पोरगं म्हनतं महादेव बंद. कोन इस्वास ठेवंल? मला वाटलं, कंपनीत राहून ह्याला वारांचंबी भान राहिलं नाय.

धोंडीबाई : नि मला सांगितलं नाय.

कमळू : तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस.

धोंडीबाई : आले असते! रविवारी आले असते, मंगळवारी आले असते! मागल्या वर्षी बचत गटाच्या सगळ्या बाया येऊन गेल्या. तुमचा पाय मोडलेला, मी घरी राहिले. काय बोलले का? नळावर गेले की त्यांचं तेच. बोट अशी हलली, सकुबाई अशी किंचाळली. मी हंडा भरायचे नि यायचे. वर्षभर.

कमळू : म्हनून तर आनलं तुला. बेल तोडून आनला मी, नारळ घेतला. सोमवार साधला.

धोंडीबाई : कोनी साधायला सांगितला? मला देव नको होता.

कमळू : असं बोलू नये गो.

धोंडीबाई : देव आपल्या गावातबी हाय, रोज हात जोडते मी त्याला. मला बोटीत बसायचं होतं. नि पलीकडं उतरायचं होतं. अर्ध्या तासात फिरून इथंच उतरायचं, तर घाण्याचा बैल नि मी, फरक काय? मळणीला बैलांमागं तेच केलं जनमभर.

कमळू : रडतेस काय? लोक बघतात.

धोंडीबाई : बघू द्या. मी इथनं हलणार नाय. उद्या बोट सुटते ना? उद्या जाईन.

कमळू : नि रात्री? कठड्यावर झोपनार?

धोंडीबाई : कल्याणला भाची हाय तुमची. शीतल दहा येळा बोलली, मामी राहायला या.

कमळू : नि म्हस? संध्याकाळची धार कोन काढंल? सकुबाईला फक्त चारा टाकायला सांगितलाय.

धोंडीबाई : सकुबाईला ती जवळ येऊ देनार नाय. माझ्याशिवाय एकाच माणसाला दूध देते ती. ज्यानं पारडीपासून वाढवली त्याला.

कमळू : त्याचं नाव काढू नको.

धोंडीबाई : काढनार. धाऊभावजींच्या गोठ्यातनं आली ती. आपल्या नि त्यांच्या घरामधी एक कूड हाय, दहा पावलं. फोन लावा त्यांना.

कमळू : त्याच्या पोरीच्या, भिमीच्या लग्नात त्यानं व्याह्यांच्या ड्रायव्हरला मानाचा टोपी-टॉवेल दिला नि सख्ख्या मोठ्या भावाला इसरला. नि मी त्याला फोन लावू? मी थोरला हाय.

धोंडीबाई : तीन वर्षं झाली त्या टॉवेलाला. त्यांनी दुसऱ्या दिवशी आनून दिला, तो तुमी कुडावरनं परत फेकला. मी बघितलंय. थोरले हाव तर थोरल्यासारखं वागा.

कमळू : दुसरं काय सांग. काय पन सांग.

धोंडीबाई : पस्तीस वर्षांत मी एक गोष्ट मागितली. ती तुमी सोमवारी नेऊन घातलीत. आता दुसरं काय मागू? नसंल लावायचा तर चला, गाडी पकडू. पन घरी गेल्यावर परत कधी म्हनू नका, धोंडे, कुठं जायचंय काय.

कमळू : नंबर नाय माझ्याकडं.

धोंडीबाई : स्वरूपनं घालून दिलाय. काका म्हनून बघा.

(कमळू पाठ फिरवून फोन कानाला लावतो.)

कमळू : हालो... धाऊ, मी दादा बोलतोय... नाय, नाय, कोनाला काय झालं नाय... मुंबईला. वैनी हाय बरोबर. तिला बोटीत बसायचंय, नि आज बंद निघालं रे. चूक माझीच हाय... हां. उद्या जाऊ म्हनतोय. म्हनून म्हटलं, म्हशीचं... हां... हां... बरं. ठेव.

धोंडीबाई : काय बोलले?

कमळू : दोन्ही येळची धार काढतो बोलला.

धोंडीबाई : एवढंच? मग इतका येळ काय ऐकत होतात?

कमळू : बोलला, वैनीला बोटीत मधी बसव. कडंला बसली तर घाबरंल.