सुतळीनं बांधलेला दांडा

आजबी आठवलं की डोस्कं फिरतंय बघा. पेठ वडगावच्या अण्णांनी मिलिटरीच्या लिलावात जुनी जीप घेतलेली. चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हंजी सांधा, तिसऱ्यांदा तुटला, तसं अण्णा माझ्या गॅरेजच्या दारातनंच वरडलं, "मिस्त्री, नकली माल घालतोस व्हय रं?"

मी जीपमधी डोकावलो, तर पुढच्या चाकांचा गिअर टाकलेला आणि त्येचा दांडा सुतळीनं घट्ट बांधलेला!

"ह्यो कुणी बांधला?"

"मीच. चार बैलं असताना दोनच कशाला जुपायची?"

"अण्णा, चार चिखलात जुपायची! कोरड्या डांबरावर चारी चाकं एकमेकाला वढत्यात, मग क्रॉस तुटंल न्हाईतर काय हुईल?"

क्रॉस बदलला, दांडा मागं घिऊन पुढच्या चाकांचा गिअर काढला आणि त्याच सुतळीनं मीच आवळून बांधला. "आता ह्याला हात लावलासा, तर परत माझ्या दारात यायचं न्हाय!"

पावसाळ्यात अण्णा भांडायलाच आलं. गुडघ्यापतूर चिखल.

"जीप उसात रुतली की रं, सकाळधरनं!"

"मग दांडा टाकायचा की!"

"कसा टाकू? हात लावायचा न्हाय म्हणून तूच वरडलास! शेवटाला चार बैलं जुपली, तवा निघाली!"