शेवटच्या डब्यातली खिडकी

आई : बूट मागाहून काढ. आधी उत्तर दे. त्याला तिकीट का विचारलं नाहीस?

लेक : कुणाला, आई? दिवसभरात शेकडो माणसं भेटतात मला.

आई : शेकडो राहू देत. शेवटच्या डब्यात, खिडकीशी, तोंडावर वर्तमानपत्र टाकून झोपलेला तो एक. समोरच्या शिंपीणबाई तिथेच उभ्या होत्या.

लेक : संपलेला पास दाखवत होत्या. दंड केला, म्हणून तोंड सुटलंय त्यांचं.

आई : दंड केलास ते योग्यच केलंस. शेजार पाहून सोडलं असतंस, तर मीच तुला घरात घेतलं नसतं. पण त्यांच्यानंतर तू त्या खिडकीवरून मान खाली घालून पुढे गेलीस.

लेक : झोपला होता गं तो.

आई : परवा जेवताना कोण सांगत होतं, तपासनीस दिसला की बिनतिकिटवालेच आधी घोरायला लागतात?

लेक : तुझ्यापुढे काही बोलायची सोय नाही.

आई : किती घेतेस त्याच्याकडून?

लेक : आई!

आई : आवाज खाली. घेत नसशील, तर दुसरं काहीतरी असणार. हल्ली तुझं जेवणात लक्ष नसतं, हाक मारली की दचकतेस. मी आंधळी नाही. लग्न झालेला आहे का तो?

लेक : नाही. व्हायचंय. तूच मुली पाहते आहेस त्याच्यासाठी.

आई : मी? मी तर धाकट्यासाठी...

(लेक खाली वाकून बुटाचे बंद सोडू लागते.)

आई : धाकटा त्या वेळी कचेरीत असतो.

लेक : कचेरीनं काढून टाकलंय त्याला. कधीच. त्याच्या बरोबरच्यानं मला सांगितलं.

आई : खोटं आहे. रोज इस्त्रीचे कपडे करून, मी बांधलेलं जेवण घेऊन जातो तो.

लेक : जातो ना. सकाळी एक तिकीट काढतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच गाडीनं जातो-येतो. ते तिकीट पहिल्या फेरीलाच संपतं.

आई : तुला तो काही बोलला?

लेक : नाही. तो झोपेचं सोंग घेतो, मी न पाहिल्याचं.

आई : मला सांगायचं होतं त्यानं.

लेक : तुला? येईल त्याच्यापुढे तुझं सुरू, ‘धाकटा आमचा साहेब झाला. थोरली मात्र लोकांचे खिसे तपासत हिंडते.’

आई : ते मी कौतुकानं म्हणत असे.

लेक : हो, पोचायचं मला ते कौतुक.

आई : पुरे. आता पुढचं सांग. शिंपीणबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत.

लेक : नाहीच बसल्या. तक्रार वर गेली आहे. उद्या त्याच डब्यात वरिष्ठ माझ्या मागे उभे असतील. त्याला वगळलं तर माझी नोकरी गेली. विचारलं, तर सख्ख्या बहिणीनं चार माणसांत त्याला उतरवायचं.

आई : मग उद्या त्या गाडीत बसू नकोस म्हणावं त्याला.

लेक : आणि कुठे जाऊन बसेल तो, आई? दिवसभर, एकटा? गाडीत निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी असतो.

आई : उद्या तू नियमाप्रमाणे त्याच्याकडे तिकीट मागायचं. आवाज न कापता.

लेक : आणि नसलं तर?

आई : जाताना त्याचं सकाळचं तिकीट त्याच्याजवळ असेल. शेवटच्या स्थानकावर मी गाडीत चढेन. परतीची दोन तिकिटं माझ्या हातात असतील, त्याचं आणि माझं.

लेक : आणि त्यानंतरच्या फेरीला?

आई : त्यानंतरची फेरी नाही. दुपारी तो घरी जेवेल.

लेक : तुला तिथे बघून घाबरून जाईल गं तो. काय सांगशील त्याला?

आई : काही नाही. जरा सरक, म्हणेन.