कोथिंबिरीच्या जागी

बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या इस्पितळात सुप्रीता आईच्या रिपोर्टसाठी थांबली होती. शेजारी मराठी ऐकू आलं म्हणून तिनं वळून पाहिलं, तर संगीतकार गुंडोअण्णा! तिच्या लग्नात 'मधुकर-गुंडो' ह्या गीतकार-संगीतकार जोडीचीच गाणी वाजली होती. अण्णांसमोर मधुकरांच्या पत्नी उभ्या होत्या.

"अण्णा, अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. तुम्ही आत जा."

"जाऊन काय बोलू, नीलावहिनी?"

"बोलू नका. नवी चाल म्हणा, नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे भाज्या घालून? इथं, आयसीयूत?"

"जन्मभर तेच केलंत ना? तुम्ही कांदा-वांगी गायची, ह्यांनी त्या जागी शब्द बसवायचे."

"आणि मधू नुसताच बघत राहिला तर?"

"तुम्ही जा हो."

"स्वल्प पाणी द्या आधी. घसा सुकलाय."

पाणी पिऊन अण्णा आत गेले. दाराच्या फटीतून बारीक सूर आला, "कांदा, वांगी, भेंडी, कोथिंबीर..." पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा सूर मध्येच थांबला. सुप्रीताचं नाव पुकारलं गेलं, पण ती जागची हलली नाही.

अण्णा बाहेर आले.

"बोलले?"

"नाही."

"अण्णा, मग?"

"बोट उचलून हवेत आडवं फिरवलं. कोथिंबीर खोडली."

"तेवढीच?"

"तेवढीच. ती चालीत बसत नव्हती, वहिनी. मी मुद्दाम घातली होती."

"आणि त्या जागी काय?"

"मधू विचार करतोय. थांबू की. नेहमी थांबतोच."