पाण्याकाठच्या रेघा

बसा की सायेब, उठता कशाला? च्या ठिवलाय चुलीवर — दूध न्हाई, गुळाचा कोराच हाय, पर दारात आलेल्या मानसाला तसंच कसं लावून द्यायचं? आन मला अजून नीट कळलं न्हाई ते. सकाळधरनं तुमी त्या टेकडीवर काय करत हुता? फोटू काढत हुतो म्हनता. कशाचा? देखाव्याचा. आता ह्या बनुबाईला — बनुबाई मीच, दुसरं कोन हाय हितं — एवढं तर कळतं का न्हाई, की फोटू मानसाचा काढत्यात? लग्नात नवरानवरीचा काढत्यात, न्हाईतर कुनी मेलं की मढ्याला भितीला टेकवून काढत्यात, तेवढीच आठवन. उघड्या टेकडीचा, धरनाच्या आटल्या पान्याचा फोटू कोन काढतंय? आन त्यो काढायला मुंबईवरनं हितवर कोन येतंय, असल्या दुष्काळात, जिथं एश्टीबी मानसाला फाट्यावर सोडून पळून जाती?

आन ती तुमची तिवई. तीन पायाची. खरं सांगते, तुमचं भ्या न्हाई वाटलं मला, तिचंच वाटलं. तुमी टेकडीवर ती उभी केली, एक डोळा मिटून वाकला, तवाच मला जुनं आठवलं. असाच एक जन आल्ता. आमचं जुनं गाव तवा जागच्या जागी हुतं — आता धरनाच्या पोटात हाय, त्या तिथं, बाभळीच्या पल्याड. त्योबी तुमच्यासारखाच, डोक्याला टोपी, बोलनं गुळावानी. तिवईवर यंत्र ठिवायचा, डोळा मिटायचा आन म्हनायचा, बाई, काय सुंदर गाव हाय वो तुमचं! आमच्या मालकाला — श्रीमंत नाव, निस्तं नावालाच — त्येचं लई कौतिक. दिवसभर त्याची तिवई खांद्यावर घिऊन हिंडले. लाल-पांढऱ्या पट्ट्याची काठी त्यानं हातात दिली, ती आमच्याच उंबऱ्यावर धरून ताठ उभे ऱ्हायले, छाती काढून, जसा काय ह्यांचाच फोटू निघतोय. आन त्यो फोटू नव्हता, सायेब. पानी कुठवर चढंल त्याचं माप हुतं ते. आमच्या आढ्याच्या वर निघालं. मंग सांगा, तिवई घिऊन आलेल्या मानसाला मी बसा म्हनावं का धोंडा हानावा? बसाच म्हनले. बगा किती गुनाची हाय मी.

दावा, दावा की, पिशवीत फोटू हायेत तर दावा. कायतरी पुरावा नको का मला? हे काय? मुंबई? एवढी थोरली मुंबई आन सडकंवर एक मानूस न्हाई? पटकी आल्ती का? ...पहाटंचं काढला. मानसं उठायच्या आदी. का बरं? मानसं मधी आली की देखावा बिघडतो. व्हय का! मानसांनीच शेर बांधायचं आन मानसांनीच बिघडायचं, बरं हाय तुमचं. आन ह्यो — ह्यो वळखला मी, नगरचा चांदबिबीचा म्हाल. लग्नाच्या साली गेल्तो आमी, चढून चढून पाय गेले. हितंबी कोन न्हाई तुमच्या फोटूत. ढग मातर लई हायेत. ढगासाठी वाट बघत बसून ऱ्हायलो म्हनता? आमीबी बसलोय की बाबा, दोन सालं झाली, आमाला एक न्हाई घावला. आन एक सांगा, तुमी म्हालावरनं खाली भिंगारकडं न्हाई गेला? लष्कराच्या कॅम्पाकडं? न्हाईच जानार. लढाई होऊन कुठं साल झालंय, तितं असं यंत्र लावलं असतं तर शिपायांनी बकोट धरलं असतं. तितं न्हाई, केडगावला न्हाई, संगमनेरला न्हाई, आन नेमकं हितं आला. मुलखात दुसऱ्या टेकड्या नव्हत्या? हितं तुमाला कुनीतरी धाडलंय, न्हाईतर हितं तुमाला कायतरी दिसलंय.

घ्या, च्या घ्या. गरम हाय. बरं, एक इचारते, सहजच. खालचाबी फोटू काढला का? खालचा म्हंजे पान्याच्या कडंचा वो. काढला? मंग त्यात हिरवं दिसतं का? न्हाई, हिरवं म्हंजे गवतच, दुसरं काय असनार तितं, लव्हाळा उगवतो वल्या जागंला. ...काय? रंग येतच न्हाई? हिरवंबी काळंच दिसतं? लाल, पिवळं, समदं काळं-पांढरं? बरं झालं! — बरं म्हंजे आपलं, रंगाला पैसं जास्ती पडत असतील, म्हनून म्हनले. गूळ कमी पडला का? आनखी टाकू? तुमी मला काय वाईट मानूस न्हाई वाटत. तोंडावरनं न्हाई वाटत.

मंग रंगच न्हाई तर काढला कशाला त्यो? रेघा? कसल्या रेघा? ...पान्याकाठच्या काळ्या मातीत, गवताच्या. एकीला लागून एक. समद्या वळनाच्या, अन् सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसत्यात. तुमी काश्मीर फिरला, राजस्थान फिरला, असलं कुठं बगितलं न्हाई. बरं बरं. आन त्या कशानं पडल्या म्हनता? लाटांनी? ...व्हय. व्हय वो, लाटाच त्या. पानी मागं सरतं, सरताना एकेक रेघ सोडून जातं. तुमी शिकल्याली मानसं, तुमाला लगीच कळतं, आमाला काय, आमी रोज बगतो तर आमाला दिसतबी न्हाई. लाटाच. तुमच्या कागदावर तसंच लिवा, लाटांनी पडल्या म्हनून. ...काय म्हनला? मानसाच्या हाताला असलं जमायचं न्हाई? परत म्हना. एवढं वळन मानसाला साधतच न्हाई? का न्हाई साधत? बैलं नसली की आपसूक साधतं! बैलं छावनीत बांधल्यात चाऱ्याला, मंग पेरायची पाभर कुनी वढायची? मी आन माझा ल्योक सूर्यभान जुपलो की पाभरीला, त्यो डाव्या अंगाला, मी उजव्या अंगाला, आन मागं चाड्यावर बियाची मूठ सुनंची. त्यो पडला गडी मानूस, त्यो फुडं जातोय, माझा पाय गाळात रुततोय, मंग तासाची रेघ माझ्या अंगाला वळनारच का न्हाई? म्हनं लाटा! हे बगा, खांद्याची सालटी निघाली हायेत, अजून वळ हाय — लाटा आल्यात मोठ्या! हरभऱ्याचा एक दाना वाया गेला न्हाई, एकसारखा उगवलाय —

असं का बगता?

न्हाई. मी काय बोलले? मी काय न्हाई बोलले. तुमी बोलवून घेतलं माझ्याकडनं. फोटू दावून दावून बोलवून घेतलं. ...ऱ्हाऊ द्या, आता कुठं लपवू. गाळपेर हाय ती. पानी आटलं, रान उघडं पडलं, आमी पेरलं. जमीन धरनाची, कागदावर. त्याच्या आदी कुनाची हुती? माझी. मला वळखायला येळ लागला न्हाई, गाळातनं हिरीचं तोंड वर आलं तवाच वळखलं. मालकांनी खंदल्याली हीर. बांध गेला, आंब्याचं झाड गेलं, हीर हाय. तितं उभी ऱ्हाऊन रडले मी, सायेब, लाज न्हाई वाटत सांगायला. हिकडं बदल्यात दिल्यालं रान समदं मुरमाड, त्यात कुसळंबी धड येत न्हाईत. मालक तर ह्याच वसरीवर बसून त्या पान्याकडं बगत बगत गेले. आन आता हरभरा घाट्यात आलाय. सूर्यभान सडकंच्या कामावर खडी फोडतोय, सून पोटुशी हाय, ती कामावरची सुकडी खाऊन दिवस काढतीय, रेशनच्या मिलोची भाकर तिच्या पोटात ठरत न्हाई. तेवढा हरभरा घरात येऊ द्या, बाकी काय मागत न्हाई मी. मागल्या साली शेजारच्या बायडाबाईनं असंच कडंला पेरलं, तर धरनावरचा मानूस आला आन उभ्या पिकात जनावरं घातली. अर्ज का केला न्हाई म्हनला. केल्ता की अर्ज. आमीबी केलाय. अर्जाला उत्तर यीस्तवर पाऊस पडून परत पानी चढंल.

कवा म्हनला? ऐतवारी? ह्याच ऐतवारी पेपरात छापून येनार त्यो फोटू? खाली गावाचं नाव घालून? आवो, आमच्या रेघा तुमाला लाटा दिसल्या, त्या धरनाच्या मानसाला लाटा दिसतील का? त्यो खेड्यातलाच हाय. काळ्या-पांढऱ्यातबी त्याला तास कळंल. काढनीला अजून येळ हाय, बाबा. पाया पडते. वयानं मोठी हाय तरी पडते. त्यो फोटू नका देऊ कुनाला. मला द्या. मी चुलीत घालते.

काय करता? उघडता कशाला ते यंत्र? ...खरंच देता? अग्गं — वढलीच की समदी बाहेर, उन्हात! केवढी लांब फीत ही. घेते, घेते. काय म्हनता, ऊन लागलं की गेला? समदाच गेला? टेकडीचाबी, सकाळधरनं काढल्याला एकूनएक? माझ्यासाठी? एवढ्या सुखासुखी?

थांबा. उजेडात धरू द्या जरा. ...रान कुठंय? ह्या बाजूनं बगू? हीर कुठं हाय? रेघा कुठं हायेत? सायेब, हितं कायबी न्हाई. निस्ती राखाडी पट्टी हाय, कोरी. पार शेवटपत्तूर कोरी. औषधात धुतल्याबिगर दिसत न्हाई? आता कसं बोलता! ऊन लागलं म्हनून गेला, आन धुतला न्हाई म्हनून आलाच नव्हता. गेला म्हनता, पर आल्ता कवा ते तर दावा! मी रोज बगते ते रान, डोळं मिटून बोट ठिवीन कुठं काय हाय ते. मला ह्यात एक तास दिसत न्हाई. म्हंजे ते अजून तुमच्यापाशीच हाय. पिशवीत असंल, न्हाईतर त्या डबीत. कोरी पट्टी म्हातारीच्या हातात दिली की म्हातारी गप.

न्हाई, शपथ घालू नका. लेकराबाळांची तर मुळीच नका. मी सगळं सांगून बसले, आन तुमी मला हे दिलं. उठा. च्या ऱ्हाऊ द्या तसाच. फाटा त्या अंगाला हाय, टेकडीला वळसा घालून. खालनं नका जाऊ.